बुडीत खात्यातील औषध

प्रत्येक पेढीच्या खतावणीत एक पान असे असते, की ज्याकडे धनी सहसा वळून पाहत नाही. ज्या मालाला गिऱ्हाईक मिळाले नाही, जी उधारी वसूल झाली नाही, तिची नोंद त्या पानावर पडून असते. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात जेरोम हॉर्विट्झ या रसायनशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये आपल्या वहीतील अशाच एका पानावर 'एझेडटी' या रसायनाची नोंद केली.

हॉर्विट्झ मिशिगन कॅन्सर फाउंडेशनमध्ये कर्करोगावर संशोधन करीत होते. त्यांची कल्पना सोपी, पण चतुर होती. पेशी दुभंगण्यापूर्वी आपल्या जनुकांची नवी प्रत तयार करते. एकेक मणी ओवून माळ करावी तशी. या माळेत हुबेहूब दिसणारा, पण पुढचा मणी अडकवण्याची कडी नसलेला एक खोटा मणी सरकवून दिला, तर माळ तिथेच खुंटेल आणि रोगट पेशीची वाढ थांबेल. एझेडटी म्हणजे तो खोटा मणी.

रक्ताचा कर्करोग झालेल्या उंदरांना ते देण्यात आले. उंदीर वाचले नाहीत. हॉर्विट्झ यांनी प्रयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, पेटंट मात्र घेतले नाही. निरुपयोगी ठरलेल्या वस्तूवर हक्क सांगण्याचे कारणच काय? पुढील दोन-तीन वर्षांत त्याच जातीची आणखी दोन रसायने त्यांनी तयार केली. त्यांतील एक पुढे 'स्टॅव्ह्युडीन' म्हणून ओळखले गेले. तीही फडताळातच राहिली.

वीस वर्षांनी एड्स आला. या रोगाचे नाव आपल्या घरांतून आजही दबक्या आवाजातच घेतले जाते. तेव्हा तर वैद्यकाजवळही त्यावर काही उपाय नव्हता. एचआयव्ही हा विषाणू माणसाच्या पेशीत शिरून आपली माळ ओवतो, आणि ओवताना खरा-खोटा मणी त्याला फारसा ओळखता येत नाही. १९८५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील सॅम्युएल ब्रॉडर व त्यांचे सहकारी, तसेच बरोज वेलकम ही औषध कंपनी, यांना त्या जुन्या रसायनात हा गुण आढळला. २८२ रुग्णांवर चाचणी झाली. औषध घेणाऱ्या १४५ जणांपैकी एक दगावला, तर औषधाविना राहिलेल्या १३७ जणांपैकी एकोणीस. हा फरक पाहून चाचणी मुदतीपूर्वीच थांबवली आणि सर्वांना औषध देण्यात आले. मार्च १९८७ मध्ये त्यास मान्यता मिळाली. एड्सवरील ते पहिले औषध. एकट्या एझेडटीचा परिणाम फार काळ टिकत नाही, हे लवकरच लक्षात आले. पण दार उघडले होते.

पेटंट कंपनीने घेतले. वर्षाच्या औषधाची किंमत सुमारे आठ ते दहा हजार डॉलर ठेवण्यात आली. रुग्ण रस्त्यावर उतरले, १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात शिरून त्यांनी निदर्शने केली, त्यानंतर किंमत वीस टक्क्यांनी उतरली. नफा हा व्यापाऱ्याचा धर्म आहे, हे आपल्या वाचकांना सांगावे लागत नाही. परंतु ज्या मालाची मूळ घडण सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संशोधनात झाली, त्याला हा भाव लावणे मला तरी पटत नाही. हॉर्विट्झ यांना या विक्रीतून एक पैसाही मिळाला नाही.

या कथेचा पुढचा धागा मुंबईत येतो. १९७० च्या पेटंट कायद्यानुसार भारतात तेव्हा औषधावर नव्हे, तर ते तयार करण्याच्या पद्धतीवरच हक्क मिळत असे. त्यामुळे मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांना २००१ मध्ये तीन औषधांचा वर्षभराचा उपचार सेवाभावी संस्थेला ३५० डॉलरला देऊ करता आला. पाश्चात्त्य कंपन्यांचा भाव तेव्हा दहा हजार डॉलरहून अधिक होता. त्या तीन औषधांतील एक होते स्टॅव्ह्युडीन. फडताळातील दुसरा जिन्नस. त्याच्या दुष्परिणामांमुळे पुढे ते मागे पडले, तरी आफ्रिकेतील असंख्य रुग्णांचा पहिला आधार तेच होते.

एझेडटीची आणखी एक नोंद १९९४ ची आहे. गर्भवती मातेला आणि जन्मानंतर बाळाला ते दिल्यास, शंभरातील सुमारे पंचवीस बालकांऐवजी आठांनाच मातेकडून लागण होते, असे त्या वर्षी सिद्ध झाले.

हॉर्विट्झ यांनी कर्करोगाचा पाठलाग सोडला नाही. ऐंशी वर्षे ओलांडल्यावरही ते प्रयोगशाळेत जात, नवी रसायने जुळवीत. सप्टेंबर २०१२ मध्ये, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.