अक्षर कुणाच्या बापाचं?

बोर्ड रंगवायचा आमच्या पोरांनी आणि बोर्डाची विद्या शिकायची साहेबांच्या पोरांनी, हा धंदा आता बंद झाला पाहिजे.

चौदा एप्रिलला नाक्यावरची भिंत कोण रंगवतं? नववी नापास, दहावी पास पोरं. एका रात्रीत आठ फुटी भिंतीवर बाबासाहेब उभे करतात. चष्म्याची कडा, कोटाची घडी, सगळं बिनचूक. त्यांना म्हणायचं ‘पेंटर’. तेच काम एसीत बसून केलं की ‘डिझायनर’. पेंटरला रोजी, तीही पुढाऱ्यानं दिली तर. डिझायनरला पगार. हा फरक हाताचा नाही, सर्टिफिकेटचा आहे. आणि सर्टिफिकेटच्या दारात कोण बसलाय हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

ही विद्या या शहराला नवी नाही. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चं. तिथं कमर्शियल आर्टचा विभाग १९३५ साली निघाला. १९६१ साली त्याची अप्लाइड आर्टची वेगळी संस्था झाली. त्याच साली अहमदाबादला एनआयडी आली, १९६९ साली पवईच्या आयआयटीत आयडीसी. आधी ‘कमर्शियल’, मग ‘अप्लाइड’, आता ‘डिझाइन’. पाटी बदलली, उंबरठा तोच.

कायद्यानं जागा आहेत. केंद्राच्या संस्थांत अनुसूचित जातींना १५ टक्के, जमातींना ७.५ टक्के. घटनेनं दिल्यात, कुणाची मेहेरबानी नाही. बारावी कुठल्याही शाखेची चालते. पण मधली वाट बघा. यूसीड नावाची परीक्षा २०१५ पासून आयआयटी घेते. पेपर इंग्रजीत. क्लासवाल्यांची फी हजारांत, पुढं कोर्सची फी लाखांत. म्युन्सिपाल्टीच्या शाळेत ज्याला चित्रकलेचा मास्तरच भेटला नाही, त्यानं त्या पेपरात काय काढायचं? स्वतःचं नशीब?

बरं, घुसला एखादा आत. माझा एक दोस्त घुसला. त्यानं भीमजयंतीचं पोस्टर केलं. मास्तर म्हणाले, निळा फार ‘लाऊड’ झालाय, मोकळी जागा सोड. मास्तर, हा निळा रंगाच्या कॅटलॉगातला नाही. १९४२ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन निघाली, तिच्या झेंड्यावरचा आहे. आणि दहा बाय दहाच्या खोलीत जे सहाजण झोपतात, त्यांना मोकळी जागा म्हणजे काय हे तुम्ही शिकवणार? तुम्ही ज्याला अभिरुची म्हणता ती तुमच्या दिवाणखान्याची सवय आहे. तिला विश्वाचा नियम म्हणू नका.

पण भावांनो, आता आपल्या अंगणात येऊ. आपला फ्लेक्स बघा. बाबासाहेब नखाएवढे आणि नगरसेवक परातीएवढा. खाली वीस शुभेच्छुकांची मुंडकी. अक्षराला सावली, सावलीला सोनेरी कड. रस्त्यानं जाणाऱ्याला काय वाचता येतं? काही नाही. मास्तराला शिव्या देऊन हे झाकणार आहात का? मोकळी जागा त्याच्या बापाची नाही. ती शिकून घ्या आणि पुढाऱ्याचं मुंडकं कापून ती मिळवा.

आपल्यातलेच शहाणे विचारतात, चित्रबित्र काढून पोट भरतं का? कलेक्टर व्हा. मी गोदीत हमाली करतो. माझ्या डोळ्यांपुढं दिवसभर ग्राफिक डिझाइनच असतं. पेटीवर ग्लास, म्हणजे जपून. छत्री, म्हणजे भिजवू नका. दोन बाण, म्हणजे ही बाजू वर. हुकावर काट, म्हणजे हुक लावू नका. कुठल्याही देशाच्या बंदरात, कुठल्याही भाषेच्या माणसाला हे न वाचता कळतं. मालाला छत्री आहे, माल उचलणाऱ्याला नाही, ते सोडा. अ‍ॅसिडच्या पिंपावर एक चौकोन असतो. त्यात नळीतून थेंब पडतात आणि खाली एक हात जळतो. तो हात डिझायनरचा नाही. तो माझा आहे, माझ्या टोळीतल्या प्रत्येकाचा आहे. एवढंसं चित्र माणसाचा हात वाचवतं. याला चैन म्हणणाऱ्यानं एक दिवस पिंप उचलून बघावं.

चळवळीसाठी ही विद्या काय करते, तेही ऐका. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डू बॉइस यांनी काळ्या अमेरिकेचा हिशोब मांडला. हातानं रंगवलेले साठेक तक्ते. काढणारे अटलांटा विद्यापीठातले त्यांचे काळे विद्यार्थी. गुलामी संपून चाळीस वर्षंही झाली नव्हती. जमीन किती, मालमत्ता किती, लिहिता-वाचता येणारे किती, सगळं ठळक रंगांत. याच डू बॉइसना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहिलं. आपल्या दुःखाचा असा तक्ता आपण कधी टांगला? अत्याचाराचे आकडे सरकारी अहवालात दरसाल छापून येतात आणि तिथंच कुजतात.

१९६६ साली ओकलंडला ब्लॅक पँथर उभी राहिली. तिच्या पेपरचं रूप एमरी डग्लसनं घडवलं. पोरवयात सुधारगृहाच्या छापखान्यात त्याची शाईशी ओळख झाली, मग सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजात तो कमर्शियल आर्ट शिकला. खिशात पैसा नाही, म्हणून काळ्याच्या जोडीला एखादाच रंग आणि जाड रेघ. ती गरिबीच त्याची शैली झाली. त्या पँथरचं नाव घेऊन १९७२ साली मुंबईत आपली पँथर उभी राहिली. आपल्यात कवी डझनांनी निघाले. एमरी डग्लस किती निघाले?

बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ काढला. मग ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’. स्वतःचा छापखाना काढला. दुसऱ्याच्या यंत्रावर आपला आवाज उसना मिळत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. आज यंत्र खिशातल्या मोबाइलमध्ये आहे. मुक्ता, बालू असे देवनागरी फॉन्ट फुकट मिळतात. तरी अक्षराचं व्याकरण अजून विद्यापीठाच्या भिंतीआड आहे. कॉम्प्युटरवरचा मंगल फॉन्ट ज्यांनी केला ते र. कृ. जोशी पवईलाच शिकवत होते. म्हणून भिंतीबाहेर उभं राहून थुंकण्यात मर्दुमकी नाही. आत जायचं.

तेव्हा मागणी सरळ आहे. प्रवेशाचा पेपर मराठीत द्या. म्युन्सिपाल्टीच्या प्रत्येक शाळेत चित्रकलेचा मास्तर द्या. शिष्यवृत्ती फी भरायच्या आधी द्या, डिग्री झाल्यावर नको. अभ्यासक्रमात युरोपच्या पोस्टरांशेजारी नाक्यावरची निळी भिंत लावा आणि ती रंगवणाऱ्या पेंटरला शिकवायला बोलवा, मानधन देऊन.

आणि जयंती मंडळांनो, तुमच्यासाठीही एक. यंदा एक डीजे कमी लावा. त्या पैशात वस्तीतल्या एका पोरीची प्रवेशाची फी भरा. ती शिकून येईल तेव्हा तिला फ्लेक्सवर तुमचा फोटो टाकायला सांगू नका.

जयभीम.