‘काय होतंय’ हे सगळ्यांनाच सांगता येत नाही

“काय झालं?” असं विचारलं की एक जण लगेच सांगतो, “मुकादम चारचौघांत बोलला. राग आला, लाजही वाटली.” दुसरा म्हणतो, “काही नाही, डोकं दुखून राहिलं.” या दुसऱ्याला आपण दगड म्हणतो, नाहीतर नाटकी. आमच्या मते दोन्ही चूक आहे.

स्वतःची भावना ओळखणं सगळ्यांना सारखं जमत नाही. कुणाला राग, भीती, अपमान वेगवेगळे कळतात. कुणाला फक्त “बरं नाही वाटत” एवढंच कळतं. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ पीटर सिफ्निओस यांनी 1970च्या दशकात याला ‘अॅलेक्सिथायमिया’ हे नाव दिलं. अर्थ, भावनेसाठी शब्द नसणं. हा वेगळा रोग नाही. कमीजास्त प्रमाणात आढळणारा स्वभाव आहे. अशा माणसालाही दुःख होतंच. छाती धडधडते, पोटात गोळा येतो, झोप उडते. पण त्याचा मनाशी संबंध आहे हे त्याला उमगत नाही. मग कुणी गोळ्या बदलत राहतो, कुणी दारूकडे वळतो.

हे शिकता येतं. तथागतांनी सतिपट्ठानात शरीरासोबत वेदना आणि चित्तही पाहायला सांगितलं. चित्तात द्वेष असेल तर ‘द्वेष आहे’ असं जाणणं हा तिथे सरावाचा भाग आहे. घरात मात्र आपण पोराला “पोरीसारखा रडू नको” म्हणतो आणि त्याचा हा सराव सुरू होण्याआधीच बंद पाडतो.

म्हणून आमचं सांगणं असं. आधी शरीर तपासा. छातीत दुखत असेल तर दवाखाना लगेच गाठा. आपल्या समाजात सिकलसेल आहे. अंगदुखीला ‘मनाचं आहे’ म्हणून सोडून देऊ नका. तपासणीत काही निघालं नाही, तरी त्रास खोटा ठरत नाही. मेडिकल किंवा मेयोच्या मानसोपचार विभागात दाखवा. टेलिमानसचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो.

आणि घरी “कसं वाटतं?” एवढंच विचारून थांबू नका. “आज कामावर काय झालं? तेव्हा अंगात काय झालं?” असं विचारा. उत्तराला वेळ लागला तर थांबा. शब्द सापडायला कुणाला जास्त वेळ लागतो, इतकंच.