छातीत पाणी पुन्हा पुन्हा भरते तेव्हा

आपल्या बीड जिल्ह्यात छातीत पाणी झाले म्हटले, की लोक क्षय समजतात. पुष्कळदा ते खरेही असते, आणि नेमाने सहा महिने गोळ्या घेतल्या, की रोगी बरा होतो. पण औषध चालू असूनही काढलेले पाणी पुन्हा भरते, एक बाजू सारखी ठणकते, अंग वाळत जाते, असे झाले तर एका विरळा रोगाचा विचार करावा लागतो. त्याचे नाव मेसोथेलिओमा.

हा कर्करोग फुप्फुसावरच्या पातळ आवरणाचा. भुईमुगाच्या दाण्यावर साल असते, तसे हे आवरण. आधी त्यावर बारीक गाठी येतात, पाणी झिरपते. पुढे आवरण जाड होऊन फुप्फुसाला आवळते आणि दम लागतो.

याचे मुख्य कारण ॲस्बेस्टॉसचे बारीक तंतू. १९६० साली वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील ३३ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतले कित्येक खाणीत कधी उतरलेही नव्हते; लहानपणी खाणीजवळ राहिले होते, एवढेच. तंतू श्वासावाटे आत गेल्यावर रोग दिसायला बहुधा २० ते ४० वर्षे लागतात.

गोठ्यावरच्या सिमेंटच्या बऱ्याच पत्र्यांत हेच ॲस्बेस्टॉस असते. धड पत्र्याची फारशी भीती नाही. कापताना, फोडताना उडणारी धूळ वाईट. म्हणून पत्रा करवतीने कापू नका. फुटके तुकडे पाणी मारून उचला, कोरडे झाडू नका. मुलांना दूर ठेवा. धुळीचे कपडे घरात झटकू नका. विडीने हा रोग होत नाही. पण विडी आणि ही धूळ एकत्र आली, की फुप्फुसाच्या नेहमीच्या कर्करोगाचा धोका फार वाढतो.

नुसत्या पाण्याच्या तपासणीत हा रोग अनेकदा सापडत नाही. आवरणाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवा. जुने काम डॉक्टरांना आठवणीने सांगा: पत्र्याचा कारखाना, बॉयलरचे वेष्टण, जुनी बांधकामे पाडणे. रोग पुरता बरा होणे कठीण. पण पाणी पुन्हा भरू नये असा उपाय करता येतो, दम आणि वेदना कमी होतात, औषधांनी काही महिने आयुष्यही वाढते.

आणि एक लक्षात ठेवा. हे वाचून क्षयाच्या गोळ्या मनाने बंद करू नका. पाणी हटत नसेल, तर डॉक्टरांना पुन्हा विचारा.