विमान भूमीस टेंकल्यानंतर

विमानाचें भय वाटणाऱ्या पुष्कळ मंडळींची अशी समजूत असते कीं, चाकें एकदां भूमीस टेंकलीं म्हणजे धोका संपला. लहान विमानाच्या, विशेषतः शेपटीखालीं चाक असलेल्या विमानाच्या बाबतींत ही समजूत खरी नव्हे. ज्यांच्या घरचा मुलगा वा मुलगी विमानविद्या शिकत असेल, त्यांनीं तरी याचें कारण जाणून घेणें इष्ट होय.

१९३१ सालीं प्रथम उडालेलें ‘टायगर मॉथ’ आणि अमेरिकेंतील ‘पायपर कब’ हीं या जातीचीं प्रसिद्ध विमानें. जे. आर. डी. टाटा यांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून टपाल घेऊन जुहूस उतरविलेलें ‘पस मॉथ’ याच घडणीचें. आणि त्या उड्डाणास पन्नास वर्षें झालीं तेव्हां, १९८२ सालीं, वयाच्या ७८ व्या वर्षीं त्यांनीं पुन्हा त्याच मार्गानें आणलेलें ‘लेपर्ड मॉथ’ही तसेंच.

या विमानांचीं दोन मोठीं चाकें पुढें असतात आणि गुरुत्वमध्य त्यांच्या मागें असतो. सारें इंगित येथेंच आहे. दोन चाकांची हातगाडी पुढून ओढली तर निमूटपणें मागें येते. तीच मागून ढकलूं लागलें कीं जरा वांकडी होतांच अधिकाधिक वांकडी होत जाते. धांवत्या विमानाचें वजनही चाकांस असेंच मागून ढकलीत असतें. नाक किंचित् वळलें कीं जडत्वामुळें शेपटी बाहेर फेंकली जाते, वळण वाढतें, आणि वाढलेलें वळण शेपटीस आणखी फेंकतें. क्षणार्धांत विमान गिरकी घेतें. बाहेरच्या बाजूचा पंख जमिनीस घासतो, कधीं चाकाचा पाय मोडतो. यासच वैमानिक ‘ग्राउंड लूप’ म्हणतात.

त्यांत आडवा वारा असला कीं संकट दुणावतें. उभी शेपटी वातकुक्कुटासारखी वागते व नाक वाऱ्याकडे वळूं पाहतें. वेग असतो तोंवर सुकाणूं तें आवरतें. पण सुकाणूंचें बळ त्यावरून वाहणाऱ्या हवेचें असल्यामुळें वेग मंदावतो तसतसें तेंही क्षीण होतें. म्हणजे आतां उतरलोंच असें वाटून मन सैल सोडण्याची वेळ हीच नेमकी घाताची वेळ ठरते.

उपाय कठीण नाहीं, पण सावधपणाचा आहे. टेंकतेवेळीं विमानाचें नाक व त्याची गति एकाच रेषेंत हवीं. वाऱ्याकडील पंख किंचित् खालीं ठेवून त्या बाजूचें चाक प्रथम टेंकवावें. शेपटी खालीं आली म्हणजे दांडा मागें ओढून मागचें चाक जमिनीवर दाबून धरावें. पायांनीं सुकाणूं सतत, थोडें थोडें हालवीत राहावें. वळण दिसूं लागण्याची वाट पाहूं नये. चूक अंगुळभर आहे तोंच सुधारते. हातभर झाल्यावर सुधारणेचा जोरच उलट गिरकी देतो. उतरणें बिघडतें आहे असें वेळींच दिसलें, तर पूर्ण वेग देऊन पुन्हा उडावें. त्यांत कमीपणा नाहीं.

पूर्वी विस्तीर्ण गवती मैदानें असत. वारा जिकडून येई तिकडे तोंड करून उतरतां येई. पक्क्या धांवपट्ट्या आल्या आणि दिशा निवडण्याची ती मोकळीक गेली. पुढें नाकाखालीं चाक असलेलीं विमानें रूढ झालीं. त्यांत गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढें असल्यानें तीं आपोआप सरळ होऊं पाहतात. तथापि त्यांचेंही नाकाचें चाक आधीं टेंकून त्यावर भार पडला, तर तींही भरकटतात.

म्हणून जाणते शिक्षक शिष्यास एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावतात: विमान उभें राहून पंखा थांबेपर्यंत उड्डाण संपलें असें मानूं नये. मुलगा उतरल्याची बातमी आली म्हणून निश्चिंत होणाऱ्या आईबापांस हें ठाऊक नसलें तरी चालेल. मुलास मात्र तें पायांच्या बोटांपर्यंत ठाऊक हवें.