सीमाशुल्क माफ झाले. रात्रीच्या तापाचे काय?

फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ३६ जीवरक्षक औषधांवरील मूळ सीमाशुल्क माफ झाले आणि तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची दिवसपाळीची उपचार केंद्रे काढण्याची घोषणा झाली. परळच्या पदपथावर पथारी टाकणाऱ्या खेडुतांच्या दृष्टीने दुसरी गोष्ट अधिक मोलाची.

परंतु केमोथेरपीचा मोठा धोका सलाईन लावतात त्या दिवशी नसतो. तो साधारणतः सात ते चौदा दिवसांनी उद्भवतो. औषध कर्कपेशींबरोबर अस्थिमज्जेवरही घाला घालते आणि रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात. घरची माणसे केस गळण्याची, ओकाऱ्यांची धास्ती घेतात (ती स्वाभाविकही आहे). पण या दिवसांत आलेला साधा ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो. तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहणे घातक; तातडीने रक्ततपासणी आणि शिरेवाटे प्रतिजैविके हवीत. संध्याकाळी कुलूप लागणारे केंद्र येथे काय करणार?

शुल्कमाफीचा आकडा अंदाजपत्रकात दिसतो. रुग्णासोबत राहणाऱ्या मुलाची बुडालेली मजुरी आणि अपरात्री ठरवलेल्या जीपचे भाडे तेथे कोणत्याही रकान्यात बसत नाही. प्रत्येक केंद्रामागे रात्रीच्या दोन खाटा, चालू प्रयोगशाळा आणि केसपेपरवर ठळक मराठीत लिहिलेला दूरध्वनी क्रमांक, एवढी तरतूद शासनाने याच योजनेत करावयास हवी.