रंगीत फोटोला भुलू नका



आमच्या नातेवाईकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एकच विषय चालू आहे, मोबाईलला जोडायचा थर्मल कॅमेरा. कुणी म्हणतं त्यात भिंतीतली ओल दिसते, कुणी म्हणतं ताप कळतो. आणि आता एकाने लिहिलं आहे की कराड, पाटण, शिराळा भागातल्या प्रत्येक शेतकऱ्याने हा कॅमेरा घ्यावा, म्हणजे रात्री पाणी पाजायला जाताना उसातला बिबट्या लांबूनच दिसेल. त्यावर भराभर अंगठे पडले. मला हा सल्ला नुसता चुकीचा नाही, धोक्याचा वाटतो. ग्रुपवर एवढं लांबलचक लिहिता येत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

आधी हे यंत्र करतं काय ते पाहू. प्रत्येक वस्तू आपल्या उष्णतेप्रमाणे डोळ्याला न दिसणारे किरण बाहेर टाकत असते. विल्यम हर्शेलने १८०० साली लोलकातून पडलेल्या रंगांच्या पट्ट्यात, तांबड्या रंगाच्याही पलीकडे तापमापी ठेवून हे अवरक्त किरण शोधले. थर्मल कॅमेरा त्यातले साधारण ८ ते १४ मायक्रॉन लांबीचे किरण टिपतो आणि त्यावरून पृष्ठभागाचं तापमान काढतो. फोनला जोडायचे असे कॅमेरे २०१४ पासून बाजारात आले, आणि २०१६ साली तो आतच बसवलेला फोनही आला. आता आपल्याकडे वीस-पंचवीस हजारांत मिळतो.

'पृष्ठभागाचं' हा शब्द लक्षात ठेवा. भिंतीच्या आतलं, दाराच्या पलीकडचं, पानाच्या मागचं त्याला काही दिसत नाही. साधी खिडकीची काचसुद्धा त्याला भिंतीसारखीच. काचेवर धरलात तर बाहेरचा रस्ता दिसायच्या ऐवजी तुमचीच धूसर आकृती दिसेल.

दुसरी गोष्ट रंगांची. लोकांना वाटतं निळं म्हणजे गार आणि लाल म्हणजे गरम. तसं नाही. समोरच्या चित्रात जे सगळ्यात गार असेल त्याला कॅमेरा निळं करतो आणि सगळ्यात गरम असेल त्याला लाल. मग त्या दोघांत ४० अंशांचा फरक असो की दीड अंशाचा! बाजूला आकड्यांची पट्टी असते, पण ती कोणी वाचत नाही. वर्गात सगळ्यांना ६० ते ६२ च्या दरम्यान गुण पडले, तरी कोणीतरी पहिला येतो आणि कोणीतरी शेवटचा. म्हणून शेवटच्याला 'ढ' म्हणायचं का?

नेमका याचाच धंदा चालू आहे. सांगलीकरांना ओलीचं दुःख मी काय सांगावं! २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. आठवडाभर पाण्यात उभ्या राहिलेल्या भिंती, वर २००५ चा आणि २०२१ चा पूर. अशा गावात पोपडे धरलेली भिंत घरोघरी सापडते. आमच्या ओळखीच्या एका घरी वॉटरप्रूफिंगवाला आला, फोन भिंतीवर फिरवला, कोपऱ्यात निळा पट्टा दाखवला आणि लाखाच्या वरचं कोटेशन ठेवून गेला. मी तो फोटो मागवून पाहिला. पट्टीवरचा आकडा एका टोकाला २६.१ आणि दुसऱ्या टोकाला २७.९. पावणेदोन अंशांचा फरक! आणि तो निळा पट्टा म्हणजे कोपऱ्यातला सिमेंटचा कॉलम होता. विटेची भिंत आणि काँक्रीटचा कॉलम वेगवेगळ्या वेगाने तापतात आणि निवतात, एवढंच ते चित्र सांगत होतं.

ओल या कॅमेऱ्याला थेट दिसतच नाही. ओल्या जागेवरचं पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं, म्हणून ती जागा थोडी गार पडते. कॅमेऱ्याला दिसतो तो हा गारवा. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं तेच हे कारण. आता विचार करा, माठ सगळ्यात कमी उपयोगी कधी पडतो? भर पावसाळ्यात. हवाच पाण्याने भरलेली असली की बाष्पीभवन मंदावतं. ओल्या आणि कोरड्या तापमापीचा पाठ ज्यांना आठवत असेल त्यांना कळेल, हवा पूर्ण दमट झाली की दोन्ही आकडे एकाला एक मिळतात. म्हणजे महाबळेश्वर, पाटणकडे धो धो पाऊस चालू असताना, ओलीचा त्रास शिगेला पोचलेला असताना, हा कॅमेरा ओल दाखवण्यात सगळ्यात कच्चा! मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत तो बराच बरा. तरीही निळा डाग म्हणजे फक्त 'इथे बघा' असा इशारा. ओल आहे की नाही हे ठरवायला दोन सुयांचा ओलमापक टोचून पाहावा लागतो. तो तुलनेने स्वस्त असतो. तुमच्याकडे येणाऱ्या माणसाने तो खिशातून काढला नाही, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

तिसरी गंमत घरीच करून बघण्यासारखी आहे. स्टीलच्या चकचकीत तांब्यात उकळतं पाणी भरा आणि कॅमेरा धरा. तांब्या हाताला चटका देईल, पण पडद्यावर जवळजवळ खोलीइतकाच थंड दिसेल. कारण चकचकीत धातू स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतो आणि समोरच्याची परत फेकतो. त्याच तांब्यावर काळी चिकटपट्टी लावा, तेवढ्याच जागेचा आकडा खऱ्याच्या जवळ येईल. काजळी धरलेल्या पातेल्याचं माप बरोबर आणि घासून लख्ख केलेल्याचं चूक!

तापाचं म्हणाल तर २०२० साली आपण सगळ्यांनी हे भोगलं आहे. दुकानाच्या, देवळाच्या, ऑफिसच्या दारात कपाळावर 'बंदूक' धरायची आणि ३४ अंश आकडा आला तरी "जा आत" म्हणायचं. ३४ अंश खरोखर असते तर त्या माणसाला दवाखान्यातच न्यायला हवं होतं! कपाळाची कातडी ऊन, वारा, घाम यांनी बदलते, ती शरीराच्या आतलं तापमान सांगत नाही. आणि फोनवरच्या कॅमेऱ्यांची अचूकता बनवणारेच दोन-तीन अंश इकडे तिकडे अशी देतात. साधा माणूस ३७ आणि तापलेला माणूस ३८.५. दीड अंशाचा फरक असा कॅमेरा कसा ओळखणार? त्याहून गंभीर म्हणजे उष्णतेच्या चित्रावरून स्तनाचा कॅन्सर ओळखू, मॅमोग्राफी नको, असा प्रचार. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये बजावलं आहे की हे चित्र मॅमोग्राफीला पर्याय नाही. घरातल्या लेकी-सुनांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आता बिबट्या. गणितच मांडते. फोनवरच्या चांगल्यापैकी कॅमेऱ्यात आडवे २५६ ठिपके असतात आणि तो साधारण ५५ अंशांचा पट्टा बघतो. १०० मीटरवर हा पट्टा १०४ मीटर रुंद होतो. म्हणजे एक ठिपका सुमारे ४० सेंटिमीटरचा. शेपूट सोडली तर बिबट्या मीटर-सव्वामीटर लांब. तुमच्या पडद्यावर तो दोन-तीन ठिपक्यांचा! कुत्रा, वासरू की बिबट्या हे कोण सांगणार? आणि हे उघड्या रानात. उसाच्या पानांपलीकडे कॅमेऱ्याला दिसत नाही. दहा-बारा फूट उंचीच्या फडात दोन सऱ्या आत बसलेलं जनावर पडद्यावर येणारच नाही.

"पण वनखातं वापरतंच की!" वापरतं. २०२५ च्या नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला बिबट्या शोधताना थर्मल ड्रोनची मदत झाली. पण तो कॅमेरा वरून बघणारा, ड्रोन चालवणारा शिकलेला, सोबत पाऊलखुणा वाचणारी माणसं, ट्रॅप कॅमेरे आणि बंदूकधारी पथक. एकट्या शेतकऱ्याने बांधावर उभं राहून फोन फिरवणं यात आणि त्यात काय साम्य?

"काहीच नसण्यापेक्षा बरं ना?" असंही एकाने विचारलं आहे. नाही, बरं नाही. पडद्यावर काही दिसलं नाही की माणूस बिनधास्त पुढे जातो. शिवाय उजळ पडद्याकडे बघून डोळे दिपतात आणि पायाखालचं दिसत नाही.

आणि पायाखालीच खरं मरण आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातली बहुतेक खेड्यातली. बत्तीस शिराळ्याच्या माणसाला सापाबद्दल मी शिकवायचं म्हणजे अतीच, पण सापाचं अंग भोवतालच्या जमिनीइतकंच गार-गरम असतं. त्यामुळे थर्मल कॅमेऱ्यात घोणस आणि ढेकूळ यांत फारसा फरक राहत नाही. (आपल्या सह्याद्रीतल्या चापड्याला मात्र डोळा आणि नाकपुडीच्या मध्ये उष्णता ओळखणारी खाच असते. तो तुम्हाला अंधारात ओळखेल, तुम्ही त्याला नाही!) रात्री शेतात जाणाऱ्याला चांगली बॅटरी, गमबूट, हातात काठी आणि सोबतीला दुसरा माणूस लागतो. कॅमेऱ्याच्या पैशात हे सगळं येऊन वर पैसे उरतात.

मुळात शेतकरी रात्री शेतात जातोच का? बिबट्याची हौस म्हणून? वीज रात्री येते म्हणून! दिवसा वीज द्या ही मागणी जुनी आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये कोल्हापुरात त्यासाठी मोठं आंदोलन झालं. सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला, तो दिवसा वीज देण्यासाठीच. ज्या फीडरवर अजून रात्रीची पाळी आहे, तिथल्या माणसाला "वीस हजारांचा कॅमेरा घे" सांगणं म्हणजे सरकारची जबाबदारी त्याच्या खिशातून वसूल करणं. ग्रुपवरच्या सुशिक्षित मंडळींनी हा हिशोब करावा.

म्हणजे कॅमेरा टाकाऊ का? मुळीच नाही. एका कामात तो खरोखर हुशार आहे, ते म्हणजे विजेचे ढिले सांधे. सांधा ढिला झाला की तिथला रोध वाढतो आणि वीज वाहताना तेवढीच जागा तापते. मोटर अर्धा तास चालू ठेवून स्टार्टरच्या पेटीत तीन फेजचे तीन सांधे बघा. दोन ४० अंशांवर आणि तिसरा ७५ वर असेल, तर तो जळायच्या आधी सापडला. इथे फरक तीस-पस्तीस अंशांचा असतो, त्यामुळे दोन-तीन अंशांच्या चुकीने काही बिघडत नाही. शेजारच्या सारख्याच सांध्याशी तुलना होते, आणि वस्तू हातभर अंतरावर असते. कॅमेऱ्याच्या सगळ्या उणिवा इथे गैरलागू. मात्र पेटीचं झाकण बंद असेल तर आतलं दिसणार नाही, आणि चालू विजेवर झाकण उघडणं हे वायरमनचंच काम. चकचकीत तांब्याच्या पट्टीपेक्षा शेजारचं वायरचं इन्सुलेशन बघावं, तांब्याची गोष्ट आठवा. वाऱ्याने लोंबत्या तारा एकमेकींवर घासून ऊस पेटतो, ते मात्र हा कॅमेरा आधी सांगू शकत नाही. त्यासाठी तारा ताणाव्याच लागतात.

म्हणून माझं म्हणणं असं. घराघरात हे खेळणं नको. गावच्या विकास सोसायटीने किंवा पाणीपुरवठा संस्थेने एक घ्यावा, जाणत्या वायरमनच्या हाती द्यावा आणि वर्षातून दोनदा सगळ्या सभासदांच्या पेट्या तपासून घ्याव्यात. आणि शाळांनी तो एक दिवस मागून आणून मुलांना तांब्याचा प्रयोग दाखवावा. ज्या मुलाने उकळता तांब्या पडद्यावर गार दिसलेला पाहिला आहे, त्याला मोठेपणी निळा डाग दाखवून कोणी लाख रुपयांना फसवू शकणार नाही.

असो. अंगठा दाखवलेल्यांपैकी कुणाला हे पटलं नसेल, तर जरूर भांडायला या. फक्त येताना चित्रासोबत त्याच्या बाजूची आकड्यांची पट्टीही घेऊन या.