म्हातारा कुत्रा आणि यकृताची गाठ

"डॉक्टर, आता वयच झालंय त्याचं!" हे वाक्य मला दवाखान्यात वरचेवर ऐकावे लागते. कुत्रा दहा-बारा वर्षांचा, खाणे कमी झालेले, अंग उतरलेले, मधूनमधून उलट्या, पाणी मात्र जास्त पितो. मालक महिनाभर लिव्हर टॉनिक पाजत असतात. टॉनिकने अपाय होत नसेलही, पण वेळ जातो. माझे स्पष्ट मत आहे की वय हे निदान नव्हे.

आठव्या वर्षानंतर वर्षातून एकदा कुत्र्याचे रक्त तपासावे. एएलटी, एएलपी वाढलेले राहिले तर सोनोग्राफी करावी. (खाजेसाठी दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही एएलपी वाढते, त्या गोळ्या डॉक्टरांपासून लपवू नयेत.)

सोनोग्राफीत गाठ दिसली की घरातली मंडळी आशाच सोडतात. वास्तविक म्हाताऱ्या कुत्र्यांच्या यकृतात साध्या, निरुपद्रवी गाठी पुष्कळ आढळतात. साधी कोणती आणि कर्करोगाची कोणती, हे नुसत्या सोनोग्राफीवरून खात्रीने सांगता येत नाही. सुईने पेशी किंवा तुकडा काढून तपासावा लागतो. तत्पूर्वी रक्त गोठण्याची तपासणी हवी, कारण गोठवणारे बहुतेक घटक यकृतातच तयार होतात. छातीचा एक्स-रे काढावा, प्लीहाही पाहावी. कर्करोग अनेकदा दुसरीकडून यकृतात आलेला असतो.

यकृताच्या स्वतःच्या कर्करोगाचा नेहमीचा प्रकार मात्र बहुधा एकाच खंडात मोठी गाठ होऊन वाढतो आणि लांब कमी पसरतो. अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात 2004 साली अशा 48 कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्या 42 कुत्र्यांचे मध्यम आयुर्मान 1460 दिवसांहून अधिक, तर न झालेल्या सहांचे 270 दिवस! सहा ही संख्या लहान आहे हे मान्य, तरीही अशी गाठ असताना "आता काही उपयोग नाही" म्हणणे मला पटत नाही. उजव्या बाजूची गाठ महाशिरेला लागून असल्याने जोखीम जास्त, हे मालकांना आधी सांगावे.

गाठी यकृतभर असतील तर मी शस्त्रक्रियेचा आग्रह धरत नाही. मळमळ, वेदना थांबवावी, थोडे थोडे खाऊ घालावे. प्रथिने आपल्या मनाने बंद करू नयेत. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन मुळीच देऊ नये. हिरड्या एकाएकी पांढऱ्या पडून कुत्रा कोसळला, तर गाठ फुटून पोटात रक्तस्राव झाला असण्याची शक्यता धरून तडक दवाखाना गाठावा, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात.